हात बरे आहेत, पण ईएसआर ५४ आलाय. खरं कुणाचं मानायचं?

सुईदोरा (सिडको, नाशिक) | ९ ऑक्टोबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४९. पवननगरच्या मागे राहते, घरीच ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. सहा वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, निघाला. त्याआधीचं वर्ष 'मशीन चालवून हात दुखतात' असं म्हणत बाम चोळण्यात गेलं. आता दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, मंगळवारी-बुधवारी फॉलिक ॲसिड, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि फाइल घेऊन कॉलेज रोडला डॉक्टरांकडे जायचं.

माझं स्वतःचं एक माप आहे. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही असते ना, तिच्या मागच्या पानांवर मी रोज लिहिते की सकाळी मोठी कात्री किती वाजता धरता आली. पहिल्या वर्षी अकरा-साडेअकरा वाजल्याशिवाय अंगठा कात्रीच्या कडीत जायचाच नाही. गेलं वर्षभर सव्वासात, साडेसात. चहा झाला की कात्री. हूक-काजं सुद्धा मीच करते, बाहेर देत नाही.

तर परवा रिपोर्ट आला. ईएसआर ५४. ठळक छापलेला, शेजारी वर जाणारा बाण. मी तो जिन्यातच उघडला आणि तिथेच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, काय झालं, चक्कर आली का.

घरी येऊन फाइल काढली. या वर्षीचे आकडे असे. जानेवारी: ईएसआर २२, सीआरपी ४.८. एप्रिल: २६ आणि ३.९. जुलै: ३८ आणि ५.१. आता ५४ आणि ४.२. सीआरपीपुढे '६ पर्यंत नॉर्मल' असं लिहिलंय. म्हणजे एक आकडा जिना चढतोय आणि दुसरा जागचा हललेला नाही. दोन्ही म्हणे सूजच मोजतात. मग यातलं खोटं कोण बोलतंय?

डॉक्टरांची तारीख २४ची आहे. फोन केला तर त्या परगावी गेल्यात, सोमवारी भेटतील म्हणे. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर आहेत. जुना अनुभव असा की एकदा भडका उडाला की दीड महिना हात जातो. म्हणून मनात आलं, येत्या रविवारी १५ऐवजी २० घेऊन टाकावी का? कुणी असं केलंय?

आणखी एक. लॅबवाले पॅकेजमध्ये दर वेळी आरए फॅक्टरही करतात. मागे १२८ होता, आता ९६ आलाय. याचा आनंद मानायचा का?

---

नळीवाला (शरणपूर रोड) | १० ऑक्टोबर, सकाळी ६.१५

ताई, आधी गोळीच्या प्रश्नाचं. मनाने गोळी वाढवू नका. मेथोट्रेक्सेट हे काही क्रोसिन नव्हे. पांढऱ्या पेशी, लिव्हर, किडनी बघूनच ती वाढवतात. आणि आज वाढवली तरी तिचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तुमची दिवाळी त्याच्या आत होऊन जाईल.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या उभ्या केल्या, आता निवृत्त आहे. त्यामुळे आजारावर बोलणार नाही, नळीवर मात्र बोलतो.

ईएसआर म्हणजे काय, तर एक काचेची नळी, तिच्यावर २०० मिलिमीटरच्या खुणा. सायट्रेट घातलेलं रक्त त्यात भरायचं आणि स्टँडवर सरळ उभं करायचं. बरोबर एका तासाने बघायचं, लाल पेशी खाली बसून वर किती मिलिमीटर पिवळं पाणी राहिलं. झाली टेस्ट. वेस्टरग्रेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९२१ मध्ये ही रीत बसवून दिली, ती आजही चालते. यात सूज थेट मोजलीच जात नाही. सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं. त्याने लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि भाकऱ्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात. सुटी पेशी हळू बसते, चवड लवकर बसते. इतकंच.

म्हणजे चवड लवकर बसायला दुसरं काही कारण झालं, तरी ईएसआर वाढतो. नळी जरा कललेली राहिली तर वाढतो. खोली तापलेली असली तर वाढतो. उलट, घरून घेतलेलं रक्त पोराच्या बॅगेत पाच-सहा तास फिरलं तर पेशींचा आकार बिघडतो आणि आकडा खोटा कमी येतो. वयाने वाढतो, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असतो. आमच्याकडे एक ढोबळ हिशेब असायचा: बायकांसाठी वयात १० मिळवून निम्मे करा, पुरुषांसाठी नुसतं वय निम्मं. तुमचं साडेएकोणतीस येतं. म्हणजे जानेवारीचे २२ आणि एप्रिलचे २६ मुळात काळजीचे नव्हतेच. जुलैपासून प्रश्न.

आणि सगळ्यात मोठं कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. रक्त पातळ असेल, म्हणजे लाल पेशीच कमी असतील, तर गर्दी कमी आणि खाली बसायला वाट मोकळी. सीआरपीला याचं सोयरसुतक नसतं. त्यामुळे ईएसआर वर आणि सीआरपी शांत दिसला की जुना टेक्निशियन पहिली नजर हिमोग्लोबिनवर टाकतो.

तुम्ही चारही वेळचे ईएसआर दिलेत, सीआरपी दिलेत. हिमोग्लोबिन दिलंच नाहीत. त्याच कागदावर वरच्या बाजूला असेल. आणि एमसीव्ही म्हणून एक ओळ असते, तीही बघा.

---

आपला_माणूस_पंचवटी | १० ऑक्टोबर, सकाळी ९.०२

ताई, युरिक ॲसिड चेक केलं का? माझ्या साडूंना सेम प्रॉब्लेम होता. टोमॅटो, डाळी आणि आंबट बंद केलं, रोज सकाळी मेथीदाणे. दोन महिन्यांत पळायला लागले.

---

वर्गमूळ (नाशिकरोड) | १० ऑक्टोबर, दुपारी १.३०

पंचवटीकर, साडूंना गाउट असणार. तो वेगळा, हा वेगळा. युरिक ॲसिडचा रुमॅटॉइडशी संबंध नाही. तरी गावोगाव 'वाताची टेस्ट' म्हणून युरिक ॲसिड, एएसओ आणि आरए फॅक्टर यांचं त्रिकूट करतात आणि पेशंट त्यावर वर्षं काढतो. टोमॅटो बिचारा निर्दोष आहे.

सुईदोराताई, मी गणिताचा मास्तर, आता निवृत्त. हा आजार मला अकरा वर्षं आहे. नळीवाल्यांनी नळी सांगितली, मी दुसऱ्या आकड्याचं सांगतो, कारण त्या आकड्याने माझी भर वर्गात शोभा व्हावी तशी शोभा केलेली आहे.

सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतं. सांध्यातल्या सुजेतून आयएल-६ नावाचा निरोप्या लिव्हरकडे जातो आणि लिव्हर सीआरपी रक्तात सोडतं. सहा-आठ तासांत वाढायला लागतं, दोन दिवसांत शिखर गाठतं. कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मं, पुढच्या १९ तासांत त्याच्या निम्मं. ईएसआर उतरायला आठवडे घेतो. म्हणून ताजी बातमी हवी तर सीआरपी. नावातल्या 'सी'चा व्हिटॅमिन सीशी संबंध नाही. १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हे सापडलं, ते न्यूमोनियाच्या जंतूतल्या 'सी' नावाच्या घटकाला चिकटत होतं, म्हणून ते नाव पडलं.

आता शोभा. एका वर्षी माझा सीआरपी १८ होता. पुढच्या वेळी घराजवळची दुसरी लॅब धरली, तिथे २.१ आला. मी बिटको चौकातून पेढे आणले, बायकोला दिले, मुलीला बंगलोरला फोन केला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "सर, एकक कोणतं?" आधीच्या लॅबचं मिलिग्रॅम प्रति लिटर, या लॅबचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे १० ने गुणायचं. २१. वाढला होता. छत्तीस वर्षं पोरांचे अर्धे गुण 'एकक लिहिले नाही' म्हणून कापले, त्याची परतफेड अशी झाली.

आरए फॅक्टरचं. ९६चा आनंद नको आणि १२८चं दुःखही नको. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तातल्या अँटिबॉडी म्हणजे जन्मदाखला. आजार कोणता, तो कितपत आडदांड निघू शकतो, हे सुरुवातीला ठरवायला उपयोगी. अँटी-सीसीपी तर सांधे दुखायच्या काही वर्षं आधीपासून रक्तात असू शकतं. ईएसआर-सीआरपी म्हणजे हजेरीपट. जन्मदाखला दर तिमाहीला काढायला पैसे घालवू नका. पॅकेजमध्ये आहे म्हणून करतात, सांगितलं तर वगळतात.

---

सुईदोरा | १० ऑक्टोबर, रात्री १०.५५

नळीवाले काका, तुम्ही जादूटोणा करता का?

हिमोग्लोबिन: जानेवारी ११.४, एप्रिल १०.८, जुलै ९.९, आता ८.९. एमसीव्ही ७१. चारही वेळा कागद माझ्या हातात होता आणि मी चारही वेळा सरळ खालच्या पानावर ईएसआर बघायला गेले. गिऱ्हाईक नुसता गळा बघतं आणि बाह्या बघतच नाही, तसं.

गोळी वाढवली नाही. १५च.

सगळे अनोळखी आहात म्हणून लिहिते. गेलं वर्षभर पाळी फार जातेय. आठ-आठ दिवस. वय झालं, आता जाता जाता असं होतंच, असं सगळ्याच म्हणतात, मीही म्हटलं. रुमॅटॉइडच्या डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही. त्यांना हाताचं सांगायचं, असं डोक्यात.

वर्गमूळ सर, माझ्या भाचीने अमेरिकेतून कळवलंय की तिकडे एक टेस्ट आहे, एकाच रक्तात १२ प्रथिनं मोजतात आणि १ ते १०० मध्ये एकच आकडा देतात. ४४च्या वर म्हणजे आजार जोरात. तशी इथे झाली तर हा घोळच मिटेल ना?

---

नळीवाला | ११ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

जादू नाही ताई. ७१ एमसीव्ही म्हणजे पेशी आकाराने लहान झाल्यात. मेथोट्रेक्सेटने उलट त्या मोठ्या व्हायचा कल असतो. लहान पेशी आणि जास्त पाळी हे दोन्ही एकत्र आले की संशय लोहावर जातो. पण नक्की डॉक्टरांनीच ठरवायचं. दोन गोष्टी मात्र २४ तारखेपर्यंत थांबवू नका. दुखल्यावर मध्येच पेनकिलर घेता का? आणि शौचाला काळी होते का? पेनकिलरने पोटात रक्त झिरपतं आणि माणसाला कळत नाही. होत असेल तर आजच्या आज फॅमिली डॉक्टरकडे जा. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तरीही.

फेरिटिन सांगतील बहुधा. त्यातही एक मेख आहे. फेरिटिन लोहाचं कोठार मोजतं, पण सूज असली की ते स्वतःच वाढतं. त्यामुळे रुमॅटॉइडवाल्याचं फेरिटिन नॉर्मल आलं म्हणून लोह भरपूर असं म्हणता येत नाही. कमी आलं तर मात्र शंकाच नको, कोठार रिकामं.

पुढच्या वेळेपासून एकच लॅब, एकच वेळ धरा. कुठे हाताने नळी लावतात, कुठे मशीन काही मिनिटांत अंदाज काढून देतं. या लॅबचा मागचा आणि त्या लॅबचा पुढचा अशी तुलना करू नका.

---

गोडीछाटणी (निफाड) | ११ ऑक्टोबर, रात्री ९.२०

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे बरोबर उलटं झालं.

आई. वय ६१. उभं आयुष्य द्राक्षबागेत. थिनिंगला तिच्याएवढा हात कुणाचा चालायचा नाही, घडातले मणी कात्रीने असे काढायची की उरलेल्यांना धक्का नाही. तीन वर्षांपूर्वी चिकनगुनिया झाला, ताप गेला पण सांधे राहिले. सगळे म्हणाले, चिकनगुनियाचं राहतं सहा महिने. सहाचे चौदा झाले. बोटांची मधली पेरं फुगलेली, मनगट वाकत नव्हतं, सकाळी दूध काढायला बसली की नुसती बसून राहायची.

रक्त केलं. ईएसआर १८. सीआरपी ३. "नॉर्मल आहे, वयाचं आहे." दुसरीकडे केलं. पुन्हा नॉर्मल. मग घरात काय बोलणं सुरू झालं ते सांगायला लाज वाटते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे म्हातारीला काम नको. मीही एकदा बोललो. छाटणी तोंडावर होती, मजूर मिळत नव्हते, पण ते काही कारण नाही.

शेवटी मावसभावाने जबरदस्तीने रुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून दहा मिनिटं फक्त हात बघितले. एकेक पेर दोन बोटांत धरून दाबलं. मग हाताची सोनोग्राफी केली. मला तर सोनोग्राफी फक्त पोटाची असते असंच वाटायचं. पडद्यावर मनगटाच्या सांध्यात लाल-केशरी ठिपके लुकलुकत होते. डॉक्टर म्हणाले, हे रक्ताचे प्रवाह आहेत, सांध्याचं अस्तर पेटलंय. अँटी-सीसीपी केलं तर मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. म्हणाले, असे बरेच पेशंट असतात ज्यांचा सांधा सुजतो पण रक्तात बोंब होत नाही.

आता ती बरी आहे, बागेत येते, पण कात्री धरू देत नाही आम्ही. तिच्या बाबतीत डॉक्टर ईएसआर-सीआरपीवर विसंबतच नाहीत. रक्त करतात ते गोळ्यांचा त्रास होतोय का ते बघायला.

---

वर्गमूळ | १२ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

निफाडकर, मोकळेपणाने लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

ताई, भाचीच्या टेस्टबद्दल. त्या बारा जणांत सीआरपी आणि आयएल-६ आहेतच. बारा साक्षीदार आणले तरी ते सगळे रक्तातलेच, आणि निफाडच्या आईंसारख्या पेशंटचा सांधा कुणी दाबायचा? माझ्या डॉक्टरांचं म्हणणं, ज्या पैशात ती एक होईल त्या पैशात वर्षभर साधं रक्त आणि चार तपासण्या होतात.

त्यापेक्षा २४ला डॉक्टर काय करतील ते आधीच समजून जा. ते २८ सांधे दाबतील. दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस. मग गणित. दुखणाऱ्या सांध्यांचं वर्गमूळ गुणिले ०.५६, सुजलेल्यांचं वर्गमूळ गुणिले ०.२८, ईएसआरचा नॅचरल लॉग गुणिले ०.७०, आणि तुम्ही स्वतः ० ते १०० मध्ये जो आकडा द्याल तो गुणिले ०.०१४. बेरीज म्हणजे डॅस-२८, आजाराचा जोर सांगणारा आकडा. (माझी नात त्याला डास म्हणते. आजोबांना डास किती चावला?) २.६च्या आत म्हणजे आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरात.

यातली गंमत बघा. समजा तुमचा एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही आणि तुम्ही स्वतःला ० दिलेत. नुसत्या ५४ ईएसआरने उत्तर २.७९ येतं. म्हणजे ठणठणीत माणूससुद्धा 'शांत' नाही! ईएसआर ४२ झाला की एकटाच ती रेघ ओलांडतो. बरं, लॉगमुळे खालच्या आकड्यांना वजन जास्त. १०चा २० झाला तर उत्तर जवळपास अर्ध्याने चढतं, ५०चा ६० झाला तर जेमतेम ०.१३ने. म्हणून ईएसआर अशक्तपणाने फुगलेला असेल तर डॅसही खोटा फुगतो, आणि डॉक्टरचं लक्ष नसेल तर औषध विनाकारण चढतं.

रक्त अजिबात न धरणारं मापही आहे, सीडीएआय. दुखणारे अधिक सुजलेले अधिक तुमचा १० पैकी आकडा अधिक डॉक्टरांचा १० पैकी आकडा. लॉग नाही, वर्गमूळ नाही. २.८ पर्यंत शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम. मास्तर म्हणून मला त्याची दया येते, पण पेशंट म्हणून आवडतं. दोन्हीत एक उणीव आहे: पाय मोजतच नाहीत. घोटा आणि पायाची बोटं २८मध्ये नाहीत. तुम्ही मशीनवाल्या, चवडा दुखत असेल तर आपणहून सांगा.

आणि एक इशारा, तुमच्यासाठी नाही, पण धागा कुणीतरी पुढे वाचेल. दोन वर्षांपासून मला टोसिलिझुमॅबचं सलाईन आहे, दर चार आठवड्यांनी. ते त्या निरोप्याचीच, आयएल-६ची, वाट अडवतं. लिव्हरला निरोप पोचत नाही, त्यामुळे सीआरपी कायम १च्या आत. मागच्या पावसाळ्यात माझ्या नडगीला चिखल्यांतून जंतुसंसर्ग झाला. पाय लाल, टरटरीत, पण ताप नावाला. जवळच्या दवाखान्यात सीआरपी केला, ०.६. "इन्फेक्शन नाही, पाय वर ठेवून झोपा." दुसऱ्या दिवशी लाली गुडघ्याला टेकली. माझ्या डॉक्टरांनी फोनवर फोटो बघितला आणि लगेच ॲडमिट केलं, आठ दिवस शिरेतून अँटिबायोटिक. या औषधावर सीआरपी म्हणजे तार कापलेली घंटा. दरोडा पडला तरी वाजत नाही. आता पाकिटात औषधाच्या नावाची चिठ्ठी ठेवतो, कुठल्याही दवाखान्यात आधी ती पुढे करतो.

---

सुईदोरा | २६ ऑक्टोबर, रात्री ११.१५

जाऊन आले. उशीर झाला, ऑर्डरी होत्या.

काळी शौचाला होत नव्हती, पेनकिलर महिन्यात दोन-तीनदा घेते. तरी काकांच्या सांगण्यावरून सोमवारीच फॅमिली डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फेरिटिन केलं. ६.

२४ला फाइल घेऊन गेले तेव्हा मी हिमोग्लोबिन आणि ईएसआर एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून नेलं होतं. एक उतरतोय, एक चढतोय, सुईच्या नाकासारखं स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि हसल्या. "तुम्ही कुठे शिकलात हे?" मी म्हटलं, शरणपूर रोडला.

त्यांनी २८ सांधे दाबले. उजवं मनगट आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं मूळ दुखलं, त्यातलं मनगट थोडं सुजलेलं. माझा आकडा मी १००मध्ये ३० दिला. खरं तर २० देणार होते, पण सरांनी चवड्याचं सांगितलं होतं ते आठवलं आणि दहा वाढवले. डॉक्टरांनी पायाची बोटं दाबून बघितली, तिथे सूज नाही. वर्षानुवर्षं उजव्या पायाने पायपट्टी रेटल्याचं आहे ते. मोटर बसवून चार वर्षं झाली तरी पायाची सवय गेली नाही.

त्यांनी माझ्यासमोर दोन्ही गणितं केली. ईएसआर धरून डॅस ४.२८, म्हणजे मध्यम. रक्त न धरता सीडीएआय ७, म्हणजे सौम्य. एकाच दुपारी, एकाच खुर्चीत बसलेली मी, मध्यम पण आणि सौम्य पण. म्हणाल्या, सीआरपी शांत, सांधे जवळपास शांत, हिमोग्लोबिन ८.९, मी वाढवणार नाही. १५च राहू दे. आधी रक्त भरून काढू, मग ईएसआरला पुन्हा विचारू. मनगट मात्र त्यांनी वहीत टिपून ठेवलंय, ते पुढच्या वेळी बघणार.

पुढे गायनॅककडे पाठवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ आहे, साधीच आहे म्हणाल्या, पाळी त्यामुळेच. गोळ्या दिल्यात. लोहाचं सलाईन दोनदा घ्यायचंय, कारण लोहाच्या गोळीने मला मळमळतं आणि रविवारच्या गोळीने सोमवारी आधीच मळमळत असतं.

पंचवटीकर दादा, युरिक ॲसिड पण केलं बरं का, तुमच्या समाधानासाठी. ४.१. टोमॅटो चालू आहेत.

---

नळीवाला | २७ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

६ म्हणजे कोठार झाडून पुसून साफ. सलाईननंतर लगेच रक्त करू नका, डॉक्टर सांगतील त्या वेळीच. आणि पुन्हा त्याच लॅबमध्ये.

---

सुईदोरा | ११ जानेवारी, दुपारी ३.२०

कुणीतरी व्यनिमध्ये विचारलं पुढे काय झालं, म्हणून लिहिते.

हिमोग्लोबिन ११.६. ईएसआर २७. सीआरपी ४.५, तो बिचारा तिथेच. मेथोट्रेक्सेट १५च. मनगटाची सूज अजून थोडी आहे, म्हणून तीन महिन्यांऐवजी दीड महिन्याने बोलावलंय. आरए फॅक्टर वगळायला सांगितलं, लॅबवाली मुलगी म्हणाली पॅकेज मोडलं तर महाग पडेल. मी म्हटलं पडू दे. उलट सव्वाशे रुपये वाचले.

कात्री सव्वासातला धरते. वहीत आता तीन रकाने केलेत, कात्री, मनगट, पाळी. गोडीछाटणी दादा, तुमच्या आईंना पण एक वही आणून द्या. त्या कात्री नाही, तर दुसरं काही लिहितील.

सध्या संक्रांतीचे काळे ब्लाउज चाललेत. संध्याकाळी काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसेनासा झालाय, परवा एक अख्खी बाही उलटी जोडली. मी चष्म्याचा नंबर म्हणून सोडून दिलं होतं, तर डॉक्टरांनी फाइल चाळून विचारलं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला सहा वर्षं झाली, डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेवटची कधी केली? केलीच नाहीये. बुधवारची वेळ मिळाली आहे. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात म्हणे, त्या दिवशी शिवता येईल का, कुणाला माहीत असेल तर सांगा. मंगळागौरीसारखी रांग लागलीय दारात.